चित्रामागची कथा आणि चित्रातील कथा

मुद्राचित्रांच्या किंवा छायाचित्रांच्या कोणत्याही आधुनिक प्रदर्शनात प्रत्येक कृतीशेजारी भिंतीवर एक छोटा कागद लावलेला असतो. कलावंताचा जन्म कोठे झाला, त्याचे कोणते घर सुटले, कोणत्या स्मृतीने त्याला अस्वस्थ केले, हे त्यावर नमूद असते. प्रेक्षक बहुधा हा कागद आधी वाचतो आणि चित्र नंतर पाहतो. पुष्कळदा चित्र पाहणे म्हणजे वाचलेल्या मजकुराची खातरजमा करणे एवढेच उरते. यातून उद्भवणारा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकाला परका नाही. कवीच्या चरित्रातील दुःख कवितेच्या खात्यावर जमा करण्याची सवय आपल्याला जुनी आहे. चित्रामागे एखादी थोर किंवा करुण कथा आहे, एवढ्यावरून चित्र थोर ठरते काय? आणि ठरत नसेल, तर त्या कथेचे मूल्य तरी कोणते?

दिल्लीत हा प्रश्न अधिक तीव्र होतो. १९४७ च्या फाळणीने या शहराची वस्ती, भाषा आणि स्मरण ही सर्वच बदलून टाकली. कथेची येथे वाण नाही. म्हणूनच केवळ कथेच्या जोरावर कलेला मोठेपण देण्याचा मोहही येथे अधिक आहे. फिरोजशहा मार्गावरील रवींद्र भवनात शब्दांची अकादमी आणि चित्र-शिल्पांची अकादमी एकाच वास्तूत नांदतात. त्या शेजाराचा लाभ घेऊन साहित्यसमीक्षेने या प्रश्नाकडे पाहावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

या प्रश्नाचे एक निःसंदिग्ध उत्तर मराठीत पूर्वीच दिले गेले आहे. बा. सी. मर्ढेकर यांचे ‘सौंदर्य आणि साहित्य’ १९५५ साली प्रसिद्ध झाले. पुढच्याच वर्षी, मार्च १९५६ मध्ये, दिल्लीत त्यांचे निधन झाले. संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांनी संवेदनांची जी रचना सिद्ध होते तीतच सौंदर्य असते, ही त्यांची भूमिका. ती काटेकोरपणे लावली तर रंग, रेषा आणि आकार यांच्या परस्परसंबंधांबाहेरचे जे काही आहे ते चित्राच्या मूल्याशी असंबद्ध ठरते. या भूमिकेने मराठी समीक्षेला फार मोठी शिस्त लावली. कलावंताविषयीची सहानुभूती आणि कलाकृतीविषयीचा निर्णय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तिने आपल्याला शिकवले. परंतु काही मुद्राचित्रे अशी असतात की त्यांच्यातील कथा वजा केली तर त्यांची लयही नीट कळत नाही. तेथे ही शिस्त अपुरी पडते. ती कोठे पुरते आणि कोठे अपुरी पडते, हे उदाहरणांवरूनच पाहिले पाहिजे.

प्रथम आपल्या घरातले उदाहरण घेऊ. राजा रविवर्मा यांचा छापखाना १८९४ साली मुंबईत सुरू झाला आणि पुढे तो लोणावळ्याजवळ मळवली येथे गेला. प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड वापरून तेथे छापलेल्या लक्ष्मी-सरस्वती महाराष्ट्रातील घराघरांच्या भिंतींवर आल्या. या चित्रांची कथा प्रेक्षकाला चित्रापूर्वीच ठाऊक होती. पुराण त्याने ऐकलेले होते. चित्राने त्याला चेहरा आणि नेसू तेवढे दिले. अनेक घरांत बायकांनी या छापील देवींना जरी आणि टिकल्या लावून सजवले. त्याचा अर्थ असा की चित्र अपुरे राहिले तरी भक्ती ते पूर्ण करीत असे. या चित्रांचे सांस्कृतिक महत्त्व निर्विवाद आहे. परंतु येथे कथा चित्रावर अवलंबून नाही, चित्र कथेवर अवलंबून आहे. कथा विसरलेल्या प्रेक्षकापुढे यांपैकी बरीचशी चित्रे एका सुरेख स्त्रीची प्रतिमा म्हणूनच उरतील.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाला झरीना हाश्मी यांची मुद्राचित्रे आहेत. झरीना यांचा जन्म १९३७ साली अलीगढ येथे झाला. वडील तेथील विद्यापीठात इतिहासाचे प्राध्यापक होते. झरीना यांनी स्वतः पदवी घेतली ती गणितात. फाळणीनंतर काही वर्षांनी त्यांचे कुटुंब कराचीला गेले. पॅरिसमध्ये स्टॅनली विल्यम हेटर यांच्या कार्यशाळेत मुद्राचित्रणाचे शिक्षण घेतल्यावर १९६८ ते १९७४ या काळात त्या दिल्लीत राहत होत्या. पुढे बरेचसे आयुष्य न्यूयॉर्कमध्ये गेले आणि एप्रिल २०२० मध्ये लंडन येथे त्यांचे निधन झाले. हे चरित्र इतके बोलके आहे की त्याने चित्रांना झाकून टाकणे सहज शक्य होते.

ते तसे का झाले नाही, हे त्यांच्या २००१ मधील ‘डिव्हायडिंग लाइन’ या लाकडी ठशावरून कळते. कागदावर वरून खाली उतरणारी एक काळी, वेडीवाकडी रेषा, एवढेच हे चित्र. ही भारत-पाकिस्तान यांमधील सीमा आहे, हे शीर्षकावरून आणि आकारावरून ओळखू येते. पण चित्राचे मर्म सीमा ओळखण्यात नाही. लाकडी ठशाचा नियम असा की लाकडाचा जो भाग शाबूत राहतो त्याला शाई लागते आणि तो छापला जातो. जो कोरून काढला तो कागदावर कोरा राहतो. ही रेषा काळी उमटायची तर रेषा कोरून चालत नाही; रेषा सोडून तिच्या दोन्ही बाजूंची सगळी भूमी कोरून काढावी लागते. म्हणजे रेषा टिकावी म्हणून प्रदेश नाहीसा करणे ही येथे कारागिरीची गरज आहे. पांढऱ्या भागात कोरणीच्या लहान लहान खुणा राहिल्या आहेत. काढून टाकलेले पूर्णपणे गेले नाही, याची ती साक्ष. फाळणीने जे केले तेच कलावंताच्या हाताला लाकडावर करावे लागले. येथे कथा चित्राच्या मागे उभी नाही. ती कृतीतच शिरली आहे. मर्ढेकरांच्या परिभाषेत बोलायचे तर या चित्रातील विरोधलय काळ्या-पांढऱ्याची आहे हे खरे. परंतु तो विरोध कशाकशातला आहे हे कळल्यावाचून तिचा ताण जाणवत नाही.

त्यांची ‘होम इज अ फॉरिन प्लेस’ ही १९९९ ची मालिका ३६ ठशांची आहे. आधी त्यांनी उर्दू शब्दांची यादी केली, ते शब्द पाकिस्तानातील सुलेखनकाराकडून लिहवून घेतले आणि मग एकेका शब्दासाठी आकृती कोरली. घर, उंबरठा, दार, अंगण, अंतर असे हे शब्द आहेत. या मालिकेतील सर्वच ठसे सारख्या योग्यतेचे आहेत असे मला वाटत नाही. जेथे आकृती शब्दाचा सरळ आराखडा होते, घर म्हटले की घराचा नकाशा, तेथे ती सचित्र शब्दकोशाच्या जवळ जाते. जेथे शब्द आणि आकृती यांत थोडे अंतर पडते, तेथे मालिका जिवंत होते. उर्दू न वाचणाऱ्या प्रेक्षकाला तर तो शब्द वळणदार आकृती म्हणूनच दिसतो. आपल्या घराची भाषा परक्यांच्या देशात केवळ नक्षी होऊन राहते, हा अनुभव त्याला नकळत, डोळ्यांनीच, येतो.

सोमनाथ होर यांचे उदाहरण याच तत्त्वाला दुसऱ्या बाजूने पुष्टी देते. चितगावकडे जन्मलेल्या होर यांनी १९४३ चा बंगालचा दुष्काळ आणि १९४६ ची तेभागा चळवळ प्रत्यक्ष पाहिली होती आणि त्या काळात तिची रेखाचित्रेही केली होती. १९५८ ते १९६७ या काळात त्यांनी दिल्लीत मुद्राचित्रण शिकवले आणि पुढे ते शांतिनिकेतनला गेले. तेथे १९७१ नंतर त्यांनी ‘वुंड्स’ ही मालिका केली. तीत ना शाई आहे, ना माणसाची आकृती. मातीच्या पृष्ठभागावर चिरे आणि छेद घेऊन, त्यावरून साचा करून, त्यात कागदाचा लगदा दाबून काढलेले हे पांढऱ्यावर पांढरे ठसे. पूर्वीच्या रेखाचित्रांत भुकेलेला माणूस होता. येथे केवळ जखम आहे आणि ती कागदाच्या अंगावर आहे. दुष्काळाचे वर्ष ठाऊक नसलेल्यालाही हा कागद दुखावलेला दिसतो. वर्ष ठाऊक झाल्यावर ते दुखणे अधिक खोल होते, पण त्याची सुरुवात वर्षापासून होत नाही. कथा आणि कलाकृती यांच्यातील योग्य नाते याहून वेगळे असेल असे वाटत नाही.

छायाचित्राची गोष्ट निराळी आहे. छायाचित्रकाराला काही कोरून काढता येत नाही. समोर जे आहे तेच त्याला मिळते, निवड फक्त जागेची आणि क्षणाची. शिवाय छायाचित्राची कथा पुष्कळदा त्याच्या मागे नसून पुढे असते, काळ ती नंतर भरतो. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेल्या होमाई व्यारावाला १९४२ साली दिल्लीला आल्या आणि १९७० पर्यंत त्यांनी या शहराचा सार्वजनिक इतिहास टिपला. गाडीच्या ‘डीएलडी १३’ या क्रमांकावरून त्यांनी ‘डालडा १३’ हे टोपणनाव घेतले, ही कथा सर्वश्रुत आहे. गोड आहे, परंतु एकाही छायाचित्राच्या मूल्यात तिने भर पडत नाही.

त्यांचे जून १९४७ मधील एक छायाचित्र पाहावे. फाळणीच्या योजनेवर मतदान करताना काँग्रेसच्या सभासदांनी हात वर केले आहेत. त्या दिवशी ती सभेतील एक रीतीची कृती होती. पुढे जे घडले ते त्या हातांना ठाऊक नव्हते. आपल्याला ठाऊक आहे. मराठीत ‘हात वर करणे’ याचा दुसरा अर्थ जबाबदारीतून अंग काढून घेणे असा आहे. त्या सभासदांवर तसा आरोप करण्याचे कारण नाही. त्यांच्यापुढचा पेच खरा होता. परंतु हाताची तीच एक हालचाल संमतीचीही असू शकते आणि हतबलतेचीही, हे छायाचित्रात दिसते. इतिहासाने नंतर आणलेल्या अर्थाला बसायला तेथे जागा आहे. ज्या छायाचित्रात अशी जागा नसते ते कितीही महत्त्वाच्या प्रसंगाचे असले तरी केवळ दप्तरातील नोंद राहते.

त्यांचेच दुसरे छायाचित्र याहून हलके, पण तितकेच बोधप्रद आहे. विमानतळावर वाट पाहत उभे असलेले नेहरू आणि त्यांच्या डोक्यावर, छायाचित्रे घेण्यास सक्त मनाई असल्याची पाटी. येथे शेजारच्या कागदाची गरजच नाही; शब्द चित्रातच आहे आणि चित्राचे अस्तित्व हेच त्या शब्दाचे उल्लंघन आहे. उलट ३० जानेवारी १९४८ रोजी त्या गांधीजींच्या प्रार्थनासभेला निघाल्या असता पतीने त्यांना परत बोलावले, ही हकीकत विलक्षण आहे. परंतु तिची जागा चरित्रात. न घेतलेल्या छायाचित्राची कथा कितीही हृदयद्रावक असली, तरी कला म्हणून तिचे मूल्यमापन करता येत नाही.

यावर एक आक्षेप संभवतो. ज्यांनी घरे गमावली त्यांच्या कथा सांगितल्या जाणे हेच महत्त्वाचे. रूपाची चिकित्सा हा सुखवस्तू समीक्षकाचा छंद आहे. आक्षेप गंभीर आहे, आणि त्याचे उत्तर तत्त्वाने न देता परिणामाने दिले पाहिजे. कागदावर लिहिलेली कथा प्रेक्षक वाचतो, हळहळतो आणि पुढच्या चित्राकडे वळतो. पुढच्या कागदावरही तशीच कथा असते आणि चार भिंती संपेपर्यंत सगळी दुःखे एकसारखी होऊन जातात. झरीना यांची रेषा मात्र दुसऱ्या कोणाच्या रेषेत मिसळत नाही. रूपाचा आग्रह हा दुःखाचा अनादर नव्हे; प्रत्येक दुःखाचे वेगळेपण राखण्याचा तोच एक मार्ग आहे.

म्हणून समीक्षकाने कथा टाकूनही देऊ नये आणि तिच्यावर विसंबूनही राहू नये. या कथेमुळे लाकूड, कागद किंवा क्षण यांच्याशी कलावंताचे वागणे कोठे बदलले, हे त्याने विचारावे. ते ठिकाण दाखवता आले तर कथा कलाकृतीची झाली. दाखवता आले नाही, तर ती कलावंताची राहिली. तिला सहानुभूती द्यावी, गुण देऊ नयेत. भिंतीवरचा तो कागद काढून टाकण्याचे कारण नाही. प्रेक्षकाने चित्र पाहून झाल्यावर तो वाचावा आणि वाचून पुन्हा चित्राकडे वळावेसे त्याला वाटावे, एवढे झाले तरी पुरे.