स्वर्ग-नरक पाहून आलेल्यांची साक्ष कशी तपासावी?

अ‍ॅलेक्स मलार्की हा अमेरिकेतील ओहायो राज्यातला मुलगा. नोव्हेंबर २००४ मध्ये, सहा वर्षांचा असताना, वडिलांबरोबर मोटारीतून जाताना त्याला अपघात झाला. मानेच्या मणक्याला व डोक्याला जबर इजा झाली. सुमारे दोन महिने तो बेशुद्ध होता. शुद्धीवर आला तेव्हा त्याचे मानेखालचे शरीर लुळे पडले होते. आपण स्वर्गात जाऊन आलो, देवदूत पाहिले, येशूला भेटलो अशी त्याची हकीगत २०१० मध्ये ‘द बॉय हू केम बॅक फ्रॉम हेवन’ या पुस्तकात प्रसिद्ध झाली. लेखक म्हणून वडील आणि मुलगा अशी दोघांची नावे होती. पुस्तकाच्या दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या. जानेवारी २०१५ मध्ये अ‍ॅलेक्सने एक जाहीर पत्र लिहिले. आपण मेलो नव्हतो, स्वर्गातही गेलो नव्हतो, लोकांचे लक्ष वेधले जाईल म्हणून तसे सांगितले, असे त्यात म्हटले होते. टिंडेल हाउस या प्रकाशनसंस्थेने पुस्तक मागे घेतले.

हे एकटे पुस्तक नव्हे. अमेरिकेत या प्रकारच्या पुस्तकांचे एक वेगळे दालनच तयार झाले आहे. डॉन पायपर यांचे ‘नाइन्टी मिनिट्स इन हेवन’ (२००४), बिल वीस यांचे नरकदर्शनाचे ‘ट्वेंटी-थ्री मिनिट्स इन हेल’ (२००६), टॉड बर्पो यांचे ‘हेवन इज फॉर रिअल’ (२०१०), मेंदूचे शल्यविशारद एबेन अलेक्झांडर यांचे ‘प्रूफ ऑफ हेवन’ (२०१२) ही त्यांतली काही गाजलेली नावे. त्यांतल्या काहींवर चित्रपट निघाले. वर्गातला एखादा विद्यार्थी असे काही पाहून किंवा ऐकून येतो आणि विचारतो, “बाई, हे खरे असते का?”

या प्रश्नाला दोन सोपी उत्तरे आहेत. ‘सगळे थोतांड आहे’ हे एक, आणि ‘श्रद्धेचा प्रश्न आहे, बोलू नये’ हे दुसरे. दोन्ही उत्तरांनी विचार थांबतो, शिवाय पहिल्याने वर्गातल्या ख्रिस्ती मुलाचा विनाकारण अवमान होतो. तिसरा मार्ग आहे तो साक्ष तपासण्याचा. पण कोणत्या कसोटीने?

माहीत असलेले वजन

तराजू बरोबर आहे की नाही हे पाहायचे तर आपण त्यात आधी माहीत असलेले वजन ठेवतो. दृष्टान्ताच्या कसोट्यांसाठी असे माहीत वजन म्हणून अ‍ॅलेक्सचे पुस्तक वापरता येईल. ते खरे नव्हते हे सांगणाऱ्यानेच सांगितले आहे. मग दृष्टान्त खरा ठरवण्यासाठी लोक ज्या कसोट्या लावतात, त्यांपैकी कोणत्या कसोटीने हे पुस्तक २०१५ पूर्वी पकडले असते?

‘लहान मूल खोटे कशाला बोलेल?’ ही पहिली कसोटी. पुस्तक तिच्यातून सहज पार पडले. ‘वर्णन किती बारकाईचे आहे!’ ही दुसरी. तपशील भरपूर होता. ‘शिकवणीशी विसंगत काही नाही’ ही तिसरी. दहा लाख वाचकांपैकी बहुतेकांना काही खटकले नाही. ‘लोकांना दिलासा मिळाला, श्रद्धा वाढली’ ही चौथी, तीही पार. म्हणजे ज्या चार कसोट्यांवर सर्वांत जास्त भिस्त असते त्या चारही कसोट्यांवर एक खोटी हकीगत पाच वर्षे खरी ठरत राहिली. याचा अर्थ बाकीची सारी पुस्तके खोटी असा होत नाही. अर्थ इतकाच, की हा काटा खरे आणि खोटे यांतला फरक दाखवत नाही.

हेही सांगायला हवे, की मुलाच्या आईने पुस्तक निघाल्यानंतर त्याला जाहीर विरोध केला होता. तिचे म्हणणे फारसे कोणी मनावर घेतले नाही.

चर्चने लावलेल्या कसोट्या

या दृष्टान्तांवर संशय घेणारे पहिले लोक वैज्ञानिक नव्हेत. ख्रिस्ती परंपरेत ही छाननी फार जुनी आहे. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात पौल तिसऱ्या स्वर्गापर्यंत नेल्या गेलेल्या माणसाविषयी लिहितो, पण तेथे ऐकलेले बोलून दाखवण्याजोगे नाही असे म्हणून थांबतो. आजच्या पुस्तकांच्या ख्रिस्ती टीकाकारांनी हा फरक वारंवार दाखवला आहे. सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शन या अमेरिकेतील मोठ्या प्रॉटेस्टंट संघटनेने जून २०१४ मध्ये ठराव केला, की मरणोत्तर जीवनाविषयी जाणून घ्यायला पवित्र शास्त्र पुरेसे आहे, असल्या अनुभवकथांवर विसंबू नये. अ‍ॅलेक्सच्या पत्राच्या आधीचा हा ठराव आहे. या कसोटीने ते पुस्तक अडवले असते, हे तिचे श्रेय. पण ही कसोटी प्रत्येक अनुभवकथा सारखीच बाजूला ठेवते. एखादी खरी असती तर तीही अडली असती.

रोमन कॅथलिक चर्चची पद्धत अधिक तपशीलवार आहे. पुढे चौदावे बेनेडिक्ट म्हणून पोप झालेले लाम्बेर्तिनी यांनी १७३० नंतरच्या दशकात या विषयावर मोठा ग्रंथ लिहिला. पाहणाऱ्याचे मानसिक आरोग्य, त्याचे चारित्र्य, आर्थिक लाभाचा हेतू, शिकवणीशी सुसंगती आणि परिणाम यांची चौकशी करण्याची परंपरा रुजली. मे २०२४ मध्ये व्हॅटिकनने नवे नियम जाहीर केले. त्यांनुसार बिशप आता सर्वसाधारणपणे ‘ही घटना अलौकिक आहे’ असा निर्वाळा देत नाहीत. भक्तीला हरकत नाही, इतकेच म्हणतात. या संयमाचे विज्ञानाच्या शिक्षकाने कौतुकच करावे.

तरीही या पद्धतीतली उणीव एका प्रसिद्ध उदाहरणात दिसते. पोर्तुगालमधील फातिमा येथे १९१७ साली तीन गुराखी मुलांना मरियेचे दर्शन झाल्याचे सांगितले गेले. मुले दहा, नऊ आणि सात वर्षांची होती. १३ जुलैच्या दर्शनात त्यांना नरक दिसला असे मानले जाते. स्थानिक बिशपांनी १९३० मध्ये या दर्शनांना मान्यता दिली. पण नरकाचे वर्णन ल्युसियाने लिहून काढले ते १९४१ मध्ये, म्हणजे घटनेनंतर २४ वर्षांनी आणि मान्यतेनंतर ११ वर्षांनी. बाकीची दोन मुले १९१९ व १९२० सालीच वारली होती. ल्युसियाच्या सचोटीविषयी येथे शंका घेण्याचे कारण नाही. मात्र वर्णन आणि घटना यांत एवढे अंतर असेल आणि पडताळायला दुसरा साक्षीदार नसेल, तर अत्यंत सच्च्या माणसाच्या आठवणीचेही वजन कमी होते. चारित्र्याच्या चौकशीतून हे अंतर भरून निघत नाही.

प्रश्न कोणी आणि किती वेळा विचारले?

‘हेवन इज फॉर रिअल’मधला कोल्टन हा नेब्रास्कातील एका पाळकाचा मुलगा. २००३ साली, चार वर्षांचाही नसताना, फुटलेल्या आंत्रपुच्छासाठी त्याच्यावर शस्त्रक्रिया झाली. काही महिन्यांनी त्याने प्रवासात देवदूतांचा उल्लेख केला. त्यानंतर बाकीचे तपशील पुढच्या काळात, घरच्यांशी झालेल्या बोलण्यांतून थोडेथोडे बाहेर आले. पुस्तक निघाले ते २०१० मध्ये, एका व्यावसायिक लेखिकेच्या मदतीने. शस्त्रक्रियेच्या वेळी वडील कोठे प्रार्थना करत होते, आई काय करत होती, जन्मापूर्वीच गेलेली बहीण, कधी न पाहिलेले पणजोबा हे सारे मुलाला कसे कळले, असा पुस्तकाचा मुख्य प्रश्न आहे.

प्रश्न रास्त आहे. पण उत्तर देण्यासाठी लागणारी कागदपत्रे पुस्तकात नाहीत. मुलाने पहिल्यांदा नेमके कोणते शब्द वापरले, त्याआधी कोणता प्रश्न विचारला होता, घरात त्याच्यादेखत काय बोलले गेले होते, आणि त्याने सांगितलेल्या कोणत्या गोष्टी चुकल्या, याची त्या त्या वेळची नोंद हवी होती. जुळलेल्या गोष्टी घरात पुन:पुन्हा सांगितल्या जातात, न जुळलेल्या विसरल्या जातात. त्यात कोणाची लबाडी नसते.

मुलांच्या आठवणींविषयी शिक्षकांनी माहीत करून घ्यावा असा एक प्रयोग आहे. कॉर्नेल विद्यापीठातील स्टीफन सेसी व सहकाऱ्यांनी तो १९९४ मध्ये प्रसिद्ध केला. शाळेत जाण्याच्या वयाआधीच्या मुलांना दर आठवड्याला, सुमारे दहा आठवडे, काही खऱ्या व काही कधीच न घडलेल्या प्रसंगांविषयी विचारले गेले. उंदराच्या सापळ्यात बोट अडकून दवाखान्यात जावे लागले होते का, हा त्यांतला एक. शेवटी अर्ध्याहून अधिक मुलांनी निदान एका न घडलेल्या प्रसंगाची हकीगत सांगितली. कोणी सोबत होते, पुढे काय झाले, असा तपशीलही त्यांनी दिला. ध्वनिचित्रफिती पाहणाऱ्या तज्ज्ञांना खऱ्या व रचलेल्या हकीगती वेगळ्या ओळखता आल्या नाहीत. ही मुले खोटे बोलत नव्हती. वारंवार विचारल्याने न घडलेल्या गोष्टीचे चित्र त्यांच्या मनात तयार झाले होते. ‘लहान मूल खोटे कशाला बोलेल?’ या प्रश्नात म्हणूनच गफलत आहे. मूल खोटे न बोलताही चुकीचे सांगू शकते.

साक्षी एकमेकींशी जुळतात का?

‘इतक्या लोकांनी सारखेच पाहिले’ हा आणखी एक युक्तिवाद. सारखेपणा काही प्रमाणात आहे. पिम व्हॅन लोमेल यांच्या २००१ सालच्या डच पाहणीत हृदय बंद पडून पुन्हा सुरू झालेल्या ३४४ रुग्णांपैकी ६२ जणांनी, म्हणजे १८ टक्क्यांनी, असा अनुभव सांगितला. प्रकाश, शांतता, शरीराबाहेर असल्याची जाणीव हे भाग अनेकांत आढळतात. अनुभव येतो, हे त्यामुळे मान्यच करावे लागते.

पण अनुभवातल्या जागेचा तपशील पाहू लागलो की सारखेपणा विरळ होतो. इंग्लंडमधील बीड या इतिहासकार साधूने ७३१ सालच्या ग्रंथात ड्रिथेल्म नावाच्या माणसाची हकीगत दिली आहे. संध्याकाळी मेलेला हा माणूस पहाटे उठला. त्याने एका बाजूला आग व दुसऱ्या बाजूला गारा आणि बर्फ असलेली दरी पाहिली. उशिरा पश्चात्ताप केलेले आत्मे पुढे उद्धार होईपर्यंत तेथे हाल सोसत होते. पापक्षालनाची ही मधली जागा आजच्या अमेरिकन प्रॉटेस्टंट पुस्तकांत कोणालाच दिसत नाही. त्यांच्या शिकवणीत ती नाही.

आपल्याकडे बंगळूरच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतील सतवंत पसरिचा यांनी इयन स्टीव्हन्सन यांच्यासह १९८६ मध्ये उत्तर भारतातील १६ प्रसंग प्रसिद्ध केले. त्यांत माणसाला दूत नेतात, वही घेऊन बसलेल्या अधिकाऱ्यासमोर उभे करतात, चुकीचा माणूस आणल्याचे लक्षात येते आणि त्याला परत पाठवले जाते. चित्रगुप्ताची वही आपल्याला नवी नाही. ओहायोतल्या मुलाला ती दिसत नाही, आणि उत्तर प्रदेशातल्या शेतकऱ्याला मोत्यांच्या वेशी दिसत नाहीत.

यावर एक उत्तर दिले जाते, की देव ज्याला त्याला त्याच्या ओळखीच्या रूपात दाखवतो. असेलही. पण मग वर्णने जुळली तरी ती खरी, आणि न जुळली तरी खरी. अशा मांडणीला कोणताच पुरावा खोडून काढू शकत नाही, आणि त्याच कारणाने कोणताच पुरावा आधारही देत नाही.

नापास होऊ शकेल अशी परीक्षा

मग खरी परीक्षा कशी असते? सॅम पर्निया यांच्या ‘अवेअर’ या प्रकल्पात ती रचण्याचा प्रयत्न झाला. रुग्णालयांतील खोल्यांत उंचावर फळ्या बसवून त्यांवर चित्रे ठेवली होती. ती फक्त छतावरून दिसली असती. शरीराबाहेर तरंगल्याचे सांगणाऱ्याने चित्र ओळखले, तर दाव्याला वजन येणार होते. २०१४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. हृदय बंद पडण्याचे २०६० प्रसंग नोंदले गेले, ३३० रुग्ण वाचून घरी गेले, १४० जणांशी बोलता आले. वातावरण पाहिल्या-ऐकल्याची आठवण दोघांनी सांगितली, आणि दोघांच्याही बाबतीत घटना फळी नसलेल्या जागी घडली होती. थोडक्यात, परीक्षा झालीच नाही. निकाल हाती आला नाही, पण चूक ठरण्याची शक्यता आधीच मान्य करणारी रचना कशी असते ते यातून शिकता येते.

अलेक्झांडर यांच्या पुस्तकाला हीच कसोटी लावून पाहावी. २००८ मध्ये मेंदूज्वराने ते सात दिवस बेशुद्ध होते. त्या काळात मेंदूचा बाह्य स्तर बंद होता, म्हणून अनुभव मेंदूबाहेरचा, असे ते म्हणतात. परंतु अनुभव त्या सात दिवसांतला, की शुद्ध हरपताना वा परत येताना घडलेला, हे सांगणारे घड्याळ कोणाजवळ नाही. वीस यांच्या नरकदर्शनाचे तसेच. नोव्हेंबर १९९८ मधल्या एका पहाटे तीनला ते स्वतःच्या घरात होते. तेवीस मिनिटे ते कोठे होते, हे तपासता येईल असे काहीही पुस्तकात नाही.

म्हणून विद्यार्थ्याच्या प्रश्नाला उत्तर देताना दोन गोष्टी वेगळ्या कराव्यात. ‘त्याला काही दिसले का?’ याचे उत्तर बहुतेक वेळा ‘दिसले असेल’ असे असते. ‘त्याने पाहिलेली जागा आहे का?’ याचे उत्तर या पुस्तकांतून मिळत नाही. स्वर्ग आहे की नाही, यावर विज्ञानाच्या तासाला निकाल देण्याची गरजही नाही. एखादी साक्ष आपल्यापर्यंत कशी पोहोचली, हे मात्र मुलांना तपासता येते. शाळेत घडलेला एखादा साधा प्रसंग पाचजणांना त्याच दिवशी आणि पुन्हा महिन्याने लिहायला सांगावा, आणि दोन्ही कागद शेजारी ठेवावेत. काय गळले, काय नव्याने आले, ते मुलेच शोधून काढतील.

आणि घरी वा वर्गात एखादे मूल काही अद्भुत सांगू लागले, तर ते शांतपणे ऐकावे, त्याच्याच शब्दांत लिहून ठेवावे, आणि पुन:पुन्हा विचारू नये. अंथरुणाला खिळलेल्या एका मुलाचे बोलणे मोठ्यांनी पुस्तकात घातले, आणि ते परत घ्यायला त्याला सोळा वर्षांचे व्हावे लागले.