राजमुद्रा आणि चीवर

कनिष्काच्या एका दुर्मीळ सुवर्णनाण्यावर तथागतांची उभी प्रतिमा असून शेजारी ग्रीक लिपीत ‘बोद्दो’ असे अंकित आहे. धम्माच्या राजमान्यतेचा पुरावा म्हणून आपण त्याचा अभिमानाने उल्लेख करतो. परंतु नाण्याच्या दर्शनी बाजूस अग्निवेदीपुढे उभा राजा आहे. तथागत मागील बाजूस आहेत. त्याच जागी कनिष्काच्या अन्य नाण्यांवर ग्रीक व इराणी देवताही आढळतात. राजाने येथे बुद्धाला शरण जाण्याऐवजी त्याला आपल्या देवमंडळात बसविले आहे, असेच म्हणावे लागेल.

या नाण्याचे वजन रोमन सुवर्णनाण्याच्या जवळपास आहे, आणि त्याची दृष्टीही साम्राज्याचीच आहे. भारतात विपुल सापडणाऱ्या तिबेरियसच्या नाण्यांवर तो स्वतःला दैवी ऑगस्टसचा पुत्र म्हणवितो. अशा रीतीने सोन्याबरोबर राजाचे देवत्वही चलनात येते.

ज्यांच्या हाती ही नाणी आली, त्यांनी मात्र ते देवत्व मानलेच असे नाही. तामिळनाडूतील पुदुकोट्टई येथे १८९८ मध्ये मिळालेल्या ५०१ रोमन सुवर्णनाण्यांपैकी बहुतेकांवर सम्राटाच्या मुखावर चीर दिलेली आहे. तिच्या कारणाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे १९०६ मध्ये नहपानाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी मिळाली. त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारला होता. राजा बदलला, चांदी तीच राहिली.

नाण्याचा धम्माशी खरा संबंध नाशिकच्या लेण्यातील उषवदाताच्या लेखात दिसतो. त्याने विणकरांच्या श्रेणीकडे २००० कार्षापण दरमहा शेकडा एक दराने ठेवले. वर्षाच्या २४० कार्षापणांतून वीस भिक्खूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी मिळत. त्याच लेखात देव व ब्राह्मणांना दिलेल्या ७०,००० कार्षापणांचा हिशेब मात्र २००० सुवर्ण असा सोन्यात मांडला आहे. भिक्खूंच्या वाट्याला सोन्याची प्रतिष्ठा आली नाही. अंगावरचे वस्त्र आले.

१९२३ च्या ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ या ग्रंथात बाबासाहेबांनी रुपयाची कसोटी त्याच्या क्रयशक्तीवर लावली. १९९० मध्ये त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त निघालेल्या एक रुपयाच्या नाण्यावर त्यांची प्रतिमा आली. त्याचा आनंद रास्तच होय. परंतु ज्या चंद्रपुरात १६ ऑक्टोबर १९५६ रोजी त्यांनी धम्मदीक्षा दिली, त्या जिल्ह्यातील गडचांदूरच्या सिमेंट कामगाराने आपल्या मजुरीच्या रुपयाला विचारावयाचा प्रश्न एकच आहे : तुझ्यात किती धान्य येते, किती वस्त्र येते? हा प्रश्न विसरून केवळ प्रतिमेला वंदन करणे म्हणजे बाबासाहेबांना पुन्हा नाण्याच्या मागील बाजूस उभे करणे होय.