व्हिडिओ आवडला, पण मोटर फिरली का?

विज्ञानशिक्षणावर संशोधन करायचं ठरवलंत की एक विषय हमखास सुचतो: 'ऑनलाइन व्हिडिओंमुळे अध्यापन रंजक होते का?' मीही सुरुवात इथूनच केली होती. आज या विषयाची जरा चिरफाड करू, आणि उदाहरण आपल्या पुण्यातलंच घेऊ.

अरविंद गुप्ता हे नाव तुम्ही ऐकलं असेलच. आयआयटी कानपूरमधून शिकलेले, एकेकाळी पुण्यात टेल्कोत नोकरी केलेले. २००३ ते २०१४ या काळात ते आयुकात होते. तिथल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी आणि सहकाऱ्यांनी टाकाऊ वस्तूंपासून बनणाऱ्या खेळण्यांच्या छोट्या छोट्या फिती तयार केल्या. त्या मराठीसकट अनेक भाषांत आहेत आणि फुकट बघता येतात. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. या फितींमध्ये दिखाऊपणा नाही. काम करणारे हात आणि घरात सापडणारं सामान, एवढंच दिसतं.

त्यातलंच एक खेळणं म्हणजे साधी विद्युत मोटर. एक सेल, दोन सेफ्टी पिना, चुंबक, सायकलच्या ट्यूबचं रबर आणि लेप दिलेल्या तांब्याच्या तारेचं वेटोळं. सगळी गंमत तार खरवडण्यात आहे. एका टोकाचा लेप पूर्ण काढायचा, दुसऱ्या टोकाचा मात्र एक बाजू सोडून.

एका शाळेत मी ही फीत दाखवली. मुलं खूश, टाळ्या वगैरे. शेवटी प्रश्नावली दिली: 'तास आवडला का?' सगळे 'हो'. मग सामान वाटलं. बऱ्याच जणांनी दोन्ही टोकं लख्ख खरवडली, आणि वेटोळं नुसतं थरथरत राहिलं. फीत तर दोनच मिनिटांपूर्वी बघितली होती! 'एक बाजू का सोडायची?' असं विचारलं तर वर्गात शांतता. चूक मुलांची नव्हती. मी मोजली होती आवड, आणि अहवालात लिहिणार होतो 'आकलन वाढले'.

आता कारण बघू. प्रवाह सतत चालू राहिला तर अर्ध्या फेरीत बल वेटोळ्याला एका दिशेने फिरवतं आणि उरलेल्या अर्ध्या फेरीत उलट दिशेने. लेप ठेवलेली बाजू पिनेवर आली की प्रवाह तुटतो आणि मिळालेल्या गतीवर वेटोळं पुढे सरकतं. हे फक्त बघून कळत नाही. त्यासाठी आधी डोक्यात प्रश्न पडावा लागतो.

याला संशोधनाचा आधार आहे. हार्वर्डमध्ये एरिक मझूर आणि सहकाऱ्यांनी वर्गातल्या प्रात्यक्षिकांवर अभ्यास केला. तो २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांनी प्रयोग नुसता पाहिला, त्यांची समज प्रयोग न पाहिलेल्यांपेक्षा फारशी वेगळी नव्हती. 'आता काय होईल?' याचा अंदाज आधी नोंदवणाऱ्यांना मात्र स्पष्ट फायदा झाला, आणि वेळही थोडाच जास्त लागला.

दुसरं उदाहरण व्हेरिटासियमवाल्या डेरेक मुलरचं. त्याची सिडनी विद्यापीठातली पीएचडी (२००८) भौतिकशास्त्राच्या व्हिडिओंवरच आहे. सरळ, सोपं स्पष्टीकरण देणारा व्हिडिओ मुलांना 'स्पष्ट' वाटला, पण गुण फारसे वाढले नाहीत. चुकीच्या समजुती मांडून त्यावर चर्चा करणारा व्हिडिओ गोंधळात टाकणारा वाटला, पण शिकणं जास्त झालं. म्हणजे 'छान समजलं' हे विद्यार्थ्याचं मत चक्क दिशाभूल करू शकतं.

या नजरेने गुप्ता सरांच्या फितींकडे बघितलं तर एक मर्यादा दिसते. त्या बहुधा यशस्वी खेळण्यावर संपतात, फसलेला प्रयत्न दिसत नाही. घरी बनवून बघणाऱ्या मुलाला ही अडचण येत नाही, कारण फसणं त्याच्या हातात आपोआप होतं. मूळ हेतूही तोच आहे. पण आपण तीच फीत प्रोजेक्टरवर लावून पुढच्या धड्याला लागतो, तेव्हा कृतीसाठी केलेली गोष्ट तमाशा होऊन बसते. माझी टीका फितीपेक्षा या वापरावर जास्त आहे.

मग तुमचा प्रस्ताव कसा असावा? 'व्हिडिओ विरुद्ध खडू-फळा' ही तुलना सोडा. त्यात शिक्षक, वेळ, नावीन्य असं सगळंच एकदम बदलतं. फीत एकच ठेवा आणि वापर बदला: एका गटाने नुसती बघायची, दुसऱ्याने मध्येच थांबवून अंदाज लिहायचा, तिसऱ्याने बघून बनवायची. किती वेळ दिला हेही नोंदवा. पूर्वचाचणी घ्या, आणि उत्तरचाचणी लगेच एकदा व काही आठवड्यांनी पुन्हा घ्या. वर्गच्या वर्ग गटात टाकणार असाल तर विश्लेषणात एकक वर्ग धरावा लागतो, हे विसरू नका. दोनच वर्ग घेऊन 'नमुना ८० विद्यार्थी' असं लिहिलंत तर तोंडी परीक्षेत अडकाल.

आवड जरूर मोजा, पण वेगळ्या रकान्यात. आणि फॉर्म भरण्याआधी तुमच्या प्रश्नावलीतला प्रत्येक प्रश्न वाचून बघा: मोटर न फिरवता आलेला मुलगाही याला 'हो' म्हणू शकतो का? म्हणू शकत असेल, तर त्या प्रश्नावरून 'आकलन' हा शब्द लिहू नका.