चिटा गावचा मनोरा

प्रिन्स क्रोपोट्किन म्हणजे अराज्यवादाचे आचार्य. नाव ऐकताच पुष्कळांना बॉम्ब आठवतो. पण त्यांचे 1899 सालचे आत्मचरित्र उघडावे, तर हाती लागते ती एका अंदाजपत्रकाची गोष्ट.

1862 साली ते तरुण लष्करी अधिकारी म्हणून सैबेरियात गेले. तेथल्या चिटा गावाला आगीची वर्दी देण्यासाठी मनोरा हवा होता. अंदाजपत्रक पीटर्सबर्गला गेले आणि दोन वर्षांनी मंजूर होऊन आले. तोवर लाकूड नि मजुरी महागलेली! पुन्हा नवे अंदाजपत्रक, पुन्हा तोच फेरा. असे 25 वर्षे चालले, असे ते सांगतात. अखेर लोकांनी जवळजवळ दुप्पट आकडे लिहून धाडले. ते यथाविधी मंजूर झाले आणि मनोरा उभा राहिला.

या गोष्टीत खलपुरुष कोणीच नाही, हेच मला तिचे मर्म वाटते. दूरची सत्ता साध्या माणसांनाही खोटे लिहायला लावते. ही टीका आजही खोडता येत नाही.

त्यांच्या उपायाविषयी मात्र मी साशंक आहे. ‘म्युच्युअल एड’ (1902) या ग्रंथात ते ग्रामसमाजाचा गौरव करतात, त्यात हिंदुस्थानचाही. पण अशाच गौरवावर डॉ. आंबेडकरांनी 4 नोव्हेंबर 1948 रोजी घटना समितीत कठोर प्रहार केला. पाणवठ्यावरून माणसाला हाकलायला पीटर्सबर्गचा शिक्का लागत नाही, शेजारी पुरतात. तेव्हा मनोरा गावानेच बांधावा. त्याची घंटा सर्वांच्या घरांसाठी वाजते ना, हे पाहणारा कायदा मात्र गावाहून मोठा असावा.