वेषांतर आणि क्रियापद

सचिन पिळगावकर दिग्दर्शित ‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८) या चित्रपटात पुण्यातील भाड्याच्या घरासाठी सुधीरची सुधा आणि परशुरामची पार्वती होते. साडी नेसणे सोपे; ‘मी जातो’चे ‘मी जाते’ करणे कठीण. एक प्रत्यय चुकला तर डोक्यावरचे छप्परच जावयाचे. प्रथमपुरुषी रूपांतही लिंग प्रकट करणाऱ्या मराठीत सोंगाड्याला व्याकरणच पकडून देते. वसंत सबनीसांच्या संवादांना हे भान आहे. तथापि कोल्हापूरकडे स्त्रियाही ‘मी जातो’ म्हणतात. तेथे ही कसोटी सैल पडते. म्हणजे या विनोदाचा आधार प्रमाणभाषा होय. बारामती-इंदापूरच्या आमच्या विद्यार्थ्यांनी हा चित्रपट पुन्हा लक्षपूर्वक ऐकावा, आणि घरची आजी कोणते रूप योजते तेही टिपून ठेवावे.