'बारोमास'मधील सुशिक्षित बेकारी आणि शासकीय रोजगार योजना : एक चिकित्सा

प्रस्तावना :
सदानंद देशमुख यांची 'बारोमास' ही कादंबरी 2002 साली प्रसिद्ध झाली आणि 2004 साली तिला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. विदर्भातील शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर ती प्रामुख्याने शेतकऱ्याच्या शोकांतिकेची कादंबरी म्हणून वाचली गेली. हे वाचन योग्यच आहे. परंतु ते अपुरे आहे. कादंबरीचा नायक एकनाथ हा एम.ए., बी.एड. झालेला तरुण आहे. शेती पिकत नाही हे त्याचे एक दुःख आणि पदवी फळत नाही हे दुसरे. या दुसऱ्या दुःखाच्या आधारे शासनाच्या रोजगारविषयक प्रयत्नांची चिकित्सा करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

एकनाथच्या बेकारीचे स्वरूप :
एकनाथ अपात्र नाही, आळशीही नाही. शिक्षकाच्या नोकरीसाठी मागितले जाणारे पैसे त्याच्याजवळ नाहीत, म्हणून तो बेकार आहे. पैसा उभा करावयाचा तर शेतकऱ्याजवळ जमिनीखेरीज काय असते? म्हणजे ज्या शेतीतून सुटण्यासाठी शिक्षण घेतले, तीच शेती नोकरीची किंमत म्हणून मोजावी लागते. नोकरीच्या आशेने या घरात आलेल्या अलकाचा अपेक्षाभंग, पती-पत्नींमधील दुरावा आणि घरातील धुसफूस यांचे मूळ या व्यवहारात आहे. देशमुखांनी बेकारीला आकडेवारीतून काढून घराच्या ओसरीवर आणून बसविले, हे या कादंबरीचे मोठे यश होय.

शासकीय प्रयत्न आणि त्यामागील गृहीतके :
दुष्काळातून उभ्या राहिलेल्या महाराष्ट्राच्या रोजगार हमी योजनेला 1977 च्या कायद्याने अधिष्ठान दिले. मागेल त्याला काम, हा तिचा विचार देशाला दिशा देणारा ठरला. मात्र ते काम अंगमेहनतीचे होते, बी.एड. झालेल्या तरुणाला तेथे मजूर म्हणूनच जावे लागे. सुशिक्षितांसाठी 1993 साली पंतप्रधान रोजगार योजना आली, पुढे 2008 साली पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम आला. दोन्हींचा भर कर्जावर होता. ज्याच्या घरात आधीच कर्ज आहे, त्याला आणखी एक कर्ज सुचविण्यासारखे हे होते. 2024 साली राज्याने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना सुरू केली. तीत बारावी उत्तीर्णांस दरमहा 6,000, आयटीआय वा पदविकाधारकांस 8,000 आणि पदवीधरांस 10,000 रुपये विद्यावेतन ठरले. प्रथम सहा महिन्यांची असलेली ही मुदत पुढे अकरा महिने करण्यात आली. मुदत संपल्यावर काय, या प्रश्नासाठी प्रशिक्षणार्थींना आंदोलने करावी लागली.

या योजनांचे गृहीतक एकच दिसते : उणीव तरुणात आहे. त्याच्याजवळ भांडवल नाही, कौशल्य नाही, अनुभव नाही. 'बारोमास' नेमका या गृहीतकालाच छेद देते. उणीव निवडीच्या पद्धतीत आणि मुळात जागांच्या संख्येत आहे, असे ती सांगते.

निवडीच्या पद्धतीला हात घालणारा प्रयत्न म्हणजे 2017 साली सुरू झालेली 'पवित्र' प्रणाली. अभियोग्यता चाचणीच्या गुणांवर शिक्षकभरती करणारी ही प्रणाली एकनाथच्या प्रश्नाच्या सर्वांत जवळ जाते. तरीही खासगी संस्थांसाठी मुलाखतीचा पर्याय राहिला. 2017 नंतरची चाचणी 2023 मध्ये झाली. या पाच वर्षांहून अधिक काळात कितीतरी एकनाथांची उमेद सरून गेली असेल!

विसरवाडीतून होणारे वाचन :
नंदुरबार जिल्ह्यात 2011 च्या जनगणनेनुसार सुमारे 69 टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची होती आणि साक्षरता सुमारे 64 टक्के, म्हणजे राज्यात सर्वांत कमी होती. येथील अनेक विद्यार्थी घरातील पहिले पदवीधर असतात. त्यांचे आईवडील ऊसतोडीसाठी सुरत, बारडोलीकडे जातात. सुरत-धुळे महामार्ग विसरवाडीवरूनच जातो. त्यामुळे पदवी हाती आल्यावरही तीच वाट समोर दिसते. वर्गात 'बारोमास' शिकविताना विद्यार्थ्यांचा पहिला प्रश्न भाषाशैलीविषयी नसतो. "सर, आता किती लागतात?" असे ते विचारतात. या प्रश्नाला समीक्षेच्या परिभाषेत उत्तर नाही.

येथूनच कादंबरीच्या मर्यादाही दिसतात. एकनाथजवळ गमावण्यासाठी का होईना, जमीन आहे. ज्या आदिवासी तरुणाची जमीन तुटपुंजी आहे, त्याचा अनुभव या चौकटीत मावत नाही. तसेच अलकाचे दुःख पतीच्या बेकारीच्या संदर्भात येते. तिच्या स्वतःच्या रोजगाराचा प्रश्न कादंबरीच्या केंद्रस्थानी येत नाही. आज वर्गात निम्म्या बाकांवर मुली बसलेल्या असताना ही उणीव जाणवल्याशिवाय राहत नाही.

निष्कर्ष :
1. 'बारोमास' ही शेतीच्या अरिष्टाइतकीच सुशिक्षित बेकारीची कादंबरी आहे.
2. कर्ज, प्रशिक्षण आणि विद्यावेतन यांचा उपयोग नाकारता येत नाही. परंतु रिक्त पदे भरणे आणि निवड पारदर्शक करणे यांना ते पर्याय ठरू शकत नाहीत.
3. निवड परीक्षांचे वेळापत्रक निश्चित असणे, हीदेखील एक रोजगार योजनाच होय.
4. पदवी देणारी संस्था म्हणून महाविद्यालयांनाही या प्रश्नातून अंग काढून घेता येणार नाही. देणगीच्या व्यवहाराविषयी प्राध्यापकवर्गाने बाळगलेले मौन हा एकनाथच्या पराभवाचा एक भाग आहे. कादंबरी शिकविताना तो भाग वगळणे प्रामाणिकपणाचे ठरणार नाही.