नगरप्रेम, प्रवासवर्णन आणि ‘चांगदेव पासष्टी’

गोदावरीतीरावरील पुणतांबा येथे चांगदेवांचे समाधिमंदिर आहे. वाघावर आरूढ होऊन ज्ञानदेवांच्या भेटीस निघालेल्या या योग्याची कथा मराठी वाचकांस परिचित आहे. परंतु ती एका प्रवासाचीही कथा आहे, याकडे सहसा लक्ष जात नाही. प्रवासी निघतो तो आपले सामर्थ्य दाखविण्याकरिता, आणि सामोरी येते ती चालती भिंत. तत्पूर्वी त्याने धाडलेल्या कोऱ्या पत्रास उत्तर म्हणून ज्या पासष्ट ओव्या सांगितल्या गेल्या, त्यांचा विषय द्रष्टा, दृश्य आणि दर्शन यांचा परस्परसंबंध हा आहे. आरशात पाहणारा आपणांसच पाहतो, या दृष्टांताचा आधार तेथे घेतला आहे. युरोपातील पुरातन नगरांवर लुब्ध झालेल्या मराठी प्रवाशांचे लेखन तपासताना हा दृष्टांत हाताशी असलेला बरा.

कारण हे प्रेम खऱ्या अर्थाने प्रथमदर्शनी जडलेले क्वचितच असते. आंग्लविद्येत वाढलेल्या मराठी वाचकाने लंडन पाहिले ते प्रथम पाठ्यपुस्तकांत आणि डिकन्सच्या कादंबऱ्यांत. थेम्सच्या काठी उभा राहताच त्याला जो आनंद होतो तो पुष्कळदा ओळख पटल्याचा असतो, दर्शनाचा नव्हे. त्यातून ही नगरी राज्यकर्त्यांची. पंडिता रमाबाईंचे ‘इंग्लंडचा प्रवास’ हे पत्र १८८३ मधील. तेव्हापासून पुढे जवळजवळ पाऊणशे वर्षे लंडनविषयी मराठीत लिहिणाऱ्याच्या कौतुकात दास्याची छटा आहे की काय, ही शंका वाचकास येणे स्वाभाविक होते. ज्याने आपणांस जिंकले त्याच्या नगरीवर निर्मळ प्रेम करता येते काय, हा प्रश्न केवळ वाङ्मयीन नव्हे.

अनंत काणेकरांनी ‘धुक्यातून लाल ताऱ्याकडे’ (१९४०) या शीर्षकातच आपला निवाडा देऊन टाकला आहे. एकीकडे धुके, दुसरीकडे तारा. येथे अनुराग आहे तो नगराहून अधिक एका विचारावर, आणि विचारावर प्रेम करणाऱ्यास गल्लीबोळांत रेंगाळण्याची निकड भासत नाही. काणेकरांची शैली प्रसन्न आहे. तथापि आरसा त्यांनी घरूनच बरोबर नेला होता, असे म्हणावयास हरकत नाही.

पु. ल. देशपांडे यांचे ‘अपूर्वाई’ (१९६०) इंग्रजी राज्य जाऊन तेरा वर्षे झाल्यावर प्रसिद्ध झाले, ही गोष्ट महत्त्वाची आहे. ‘अपूर्वाई’ या शब्दात नावीन्य आहे तसेच लाडही आहे. आणि पुस्तकाची सगळी मौज या दुहेरी अर्थात साठविलेली आहे. प्रस्थानापूर्वीची तयारी आणि सल्लागारांची झुंबड यांना लेखकाने दिलेली जागा काहींस पाल्हाळ वाटेल. वस्तुतः तोच या पुस्तकाचा कणा होय. प्रवाशाच्या डोळ्यांवर कोणत्या काचा आहेत हे तेथे आधीच उघड केले जाते, त्यामुळे पुढे तो मोहित होतो तेव्हा त्याच्या मोहाविषयी संशय उरत नाही. स्वतःच्या गोंधळाला हसणारा मनुष्य दुसऱ्याच्या वैभवाने दिपून जात नाही. तो त्याचे मोकळेपणाने कौतुक करू शकतो. आरशातले मुख आपलेच आहे हे ज्याला ठाऊक आहे, त्यालाच आरशाची चौकटही पाहता येते. विनोद येथे केवळ अलंकार नाही, ते प्रामाणिकपणाचे साधन आहे. (अनुकरण करणाऱ्यांनी विनोद तेवढा उचलला.)

मीना प्रभु यांच्या ‘माझं लंडन’ची जात निराळी. येथे लेखिका पाहुणी नसून रहिवासी आहे, आणि ‘माझं’ हे सर्वनाम सहवासाने मिळविलेले आहे. पाहुण्याचे प्रेम चुकीच्या गाडीत बसण्याने वाढते. रहिवाशाचे प्रेम त्याच गाडीची रोज वाट पाहून टिकते. या दुसऱ्या प्रेमाचे मराठीत फारसे वर्णन झालेले नव्हते. मात्र इतिहासाची माहिती जेथे दाटते तेथे नगर दिसते, नाते दिसेनासे होते, हा दोष मान्य केला पाहिजे.

‘पासष्टी’चा दृष्टांत येथे एका मर्यादेपर्यंतच चालतो. ज्ञानदेवांना द्रष्टा आणि दृश्य यांतील भेद मावळावयास हवा आहे; प्रवासवर्णनकारास तो जपावा लागतो. भेद संपला तर लिहावयाचे कशाविषयी? काणेकरांच्या लेखनात तो नगरापेक्षा सिद्धान्ताने राखला आहे, ‘अपूर्वाई’त हास्याने, आणि ‘माझं लंडन’मध्ये तो जन्मभाषेने राखला आहे: इतकी वर्षे त्या नगरीत राहूनही तिच्याविषयी लिहिले गेले ते मराठीत.